थांब म्हटले की थांबणारे चित्र

(दूरदर्शनवरचा कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागतो आणि संपतो. तो आपल्या सोयीच्या वेळी पाहता यावा म्हणून माणसाने कोणकोणते प्रयत्न केले, डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर हे यंत्र कसे काम करते आणि त्याचा चांगला उपयोग कसा करावा, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, तुमच्या घरी नळाला पाणी किती वाजता येते? कुठे पहाटे येते, कुठे दुपारी येते, तर कुठे एक दिवसाआड येते. पाण्याची वेळ नगरपालिका ठरवते, आपण ठरवत नाही. मग आपण काय करतो? पाणी आले की हंडे, पिंपे आणि टाकी भरून ठेवतो. नंतर ते आपल्या सोयीने वापरतो. नळ पहाटे येऊन गेला, तरी संध्याकाळी आपण टाकीतल्या पाण्याने हातपाय धुतो.

दूरदर्शनचेही असेच आहे. कोणता कार्यक्रम किती वाजता दाखवायचा, हे वाहिनी ठरवते. आपल्याला त्या वेळी सवड असो वा नसो, कार्यक्रम लागतो आणि संपतो. नेमका चेंडू सीमापार जाताना दारावर पाहुणे येतात. बातम्यांत आपल्या गावाचे नाव येते आणि त्याच क्षणी कुकरची शिट्टी वाजते. आपण म्हणतो, "अरे, काय म्हणाले ते?" पण पडद्यावरचा माणूस पुन्हा सांगत नाही. तो पुढे गेलेला असतो.

मग दूरदर्शनसाठीही एखादी टाकी असली तर? चित्र आणि आवाज तिच्यात भरून ठेवायचे आणि सवड मिळाली की पाहायचे! अशी टाकी खरोखर आहे. तिचे नाव डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर. थोडक्यात तिला डीव्हीआर म्हणतात. दुकानातल्या पहारा ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांना जोडलेली डीव्हीआरची पेटी तुम्ही पाहिली असेल. तिचे तत्त्वही हेच आहे. पण आज आपण घरच्या दूरदर्शन संचाला जोडायच्या यंत्राची माहिती घेऊ.

ही टाकी एका दिवसात तयार झाली नाही. तिची गोष्ट अमेरिकेत सुरू होते. अमेरिका हा फार रुंद देश आहे. पूर्वेच्या न्यूयॉर्क शहरात संध्याकाळचे सात वाजतात, तेव्हा पश्चिमेच्या लॉस एंजेलिस शहरात दुपारचे चारच वाजलेले असतात. न्यूयॉर्कच्या संध्याकाळच्या बातम्या लॉस एंजेलिसच्या लोकांना संध्याकाळीच दाखवायच्या असतील, तर त्या तीन तास कुठे तरी साठवून ठेवल्या पाहिजेत. पण कशात?

आवाज फितीवर साठवता येत होता. चित्र साठवणे मात्र फार अवघड होते. चित्रात आवाजाच्या कितीतरी पट अधिक माहिती असते. ती सगळी एका सरळ रेषेत फितीवर नोंदवायची, तर फीत भयंकर वेगाने पळवावी लागते. अँपेक्स नावाच्या कंपनीतील सहा तंत्रज्ञांनी यावर एक युक्ती काढली. चार्ल्स गिन्सबर्ग हे त्यांचे प्रमुख होते. चित्रपटगृहातील आवाजामुळे ज्याचे नाव पुढे जगभर झाले, तो रे डॉल्बी हा तरुणही त्यांच्यात होता. त्यांनी ठरवले की फीत हळू जाऊ द्यायची आणि तिच्यावर लिहिणारे चुंबकच गरगर फिरवायचे. हे चार चुंबक एका चाकावर बसवलेले होते. ते चाक मिनिटाला १४,४०० फेरे घेत असे. फीत दोन इंच रुंद होती आणि सेकंदाला फक्त पंधरा इंच पुढे सरकत असे.

हे यंत्र एप्रिल १९५६ मध्ये शिकागो येथे लोकांना दाखवण्यात आले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला लॉस एंजेलिस येथे ते प्रथमच प्रक्षेपणासाठी वापरले गेले. न्यूयॉर्कच्या बातम्या तेथे तीन तास साठवल्या आणि मग पश्चिमेच्या लोकांना दाखवल्या. माणसाने दूरदर्शनची वेळ फितीच्या साहाय्याने पहिल्यांदा पुढे ढकलली ती अशी. पण हे यंत्र कपाटाएवढे मोठे आणि फार महाग होते. ते फक्त दूरदर्शन केंद्रांनाच परवडत असे. पाण्याची टाकी नगरपालिकेकडे आली होती, आपल्या घरात अजून आली नव्हती.

घरातली टाकी यायला आणखी काही वर्षे लागली. १९७५ साली जपानच्या सोनी कंपनीने बीटामॅक्स नावाचा व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर विकायला आणला. पुढच्याच वर्षी जेव्हीसी या दुसऱ्या जपानी कंपनीने व्हीएचएस नावाची पद्धत आणली. या यंत्रांना आपण व्हीसीआर म्हणतो. आता सामान्य माणूसही घरी बसून कार्यक्रमाचे मुद्रण करू लागला.

तेव्हा एक मोठा प्रश्न उभा राहिला. दूरदर्शनवर दाखवलेला कार्यक्रम आपण घरी साठवून ठेवला, तर ती चोरी होते काय? अमेरिकेतील युनिव्हर्सल आणि डिस्ने या चित्रपट कंपन्यांना तसे वाटले. त्यांनी १९७६ साली सोनी कंपनीवर खटला भरला. हा खटला आठ वर्षे चालला. एका न्यायालयाने सोनीच्या बाजूने निकाल दिला, तर वरच्या न्यायालयाने तो उलटा फिरवला. शेवटी खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला.

या खटल्यात एका वेगळ्याच माणसाची साक्ष झाली होती. त्यांचे नाव फ्रेड रॉजर्स. ते लहान मुलांसाठी दूरदर्शनवर कार्यक्रम करत. मुलांचा राग, भीती, दुःख यांविषयी ते मुलांशी शांतपणे आणि प्रेमाने बोलत. खरे तर त्यांचाच कार्यक्रम लोक घरी मुद्रित करत होते. तरीही त्यांनी तक्रार केली नाही. उलट ते म्हणाले की, काही केंद्रे माझा कार्यक्रम मुलांना पाहता येणार नाही अशा वेळी दाखवतात. आईवडिलांनी तो साठवून मुलांबरोबर सोयीच्या वेळी पाहिला, तर ती कुटुंबाची सोयच आहे.

१७ जानेवारी १९८४ रोजी निकाल लागला. नऊ न्यायाधीशांपैकी पाच जण सोनीच्या बाजूने होते आणि चार जण विरुद्ध होते. घरी पाहण्यासाठी कार्यक्रम साठवणे आणि त्याची वेळ बदलून पाहणे गैर नाही, असे न्यायालयाने सांगितले. निकालपत्रात फ्रेड रॉजर्स यांच्या साक्षीचाही उल्लेख आहे. फक्त एका मताचा फरक होता. ते एक मत दुसरीकडे गेले असते, तर घरी मुद्रण करणाऱ्या यंत्रांचा पुढचा मार्ग फार कठीण झाला असता.

आपल्या देशाकडे वळू. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले आणि त्यानंतर घरोघरी संच येऊ लागले. १९८७ साली 'रामायण' मालिका सुरू झाली, तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. १९८८ साली 'मिर्झा गालिब' ही मालिका दाखवली गेली. ज्यांचा भाग चुकला, त्यांचा तो चुकलाच. घरचा व्हीसीआर असणारी माणसे थोडी होती. पुष्कळ लोक एका रात्रीपुरता तो भाड्याने आणत आणि सगळी गल्ली मिळून सिनेमे पाहत. तुमच्या अब्बांना किंवा चाचांना विचारा. ते तुम्हाला या रात्रींच्या गमती सांगतील.

व्हीसीआर उपयोगी होता, पण त्याच्या अडचणीही होत्या. एका कॅसेटमध्ये साधारणपणे तीन तासांचे चित्र मावत असे. हवा तो भाग शोधायला फीत पुढे-मागे फिरवत बसावे लागे. फीत यंत्रात अडकून चुरगळत असे. आपल्याकडच्या पावसाळ्यात कॅसेटवर बुरशी चढत असे. शिवाय एका यंत्रात एकच फीत असे. ती लिहीत असताना आधीचा भाग पाहता येत नसे.

या अडचणींवरचा उपाय संगणकाकडून आला. योगायोग पाहा. ज्या १९५६ साली चित्राची फीत आली, त्याच साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क तयार केली होती. हार्ड डिस्क म्हणजे माहिती साठवणारी, गोल फिरणारी चुंबकीय तबकडी. त्या पहिल्या यंत्रात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. तरी त्यात फक्त ५० लाख अक्षरे मावत. पुढे चाळीस वर्षांत या तबकड्या लहान आणि स्वस्त झाल्या, आणि त्यांची साठवण हजारो पटींनी वाढली. शेवटी त्यांत तासन्‌तास चित्र मावू लागले.

१९९९ साली अमेरिकेत टीवो आणि रिप्ले टीव्ही नावाची दोन यंत्रे बाजारात आली. घरगुती वापराचे हे पहिले डीव्हीआर. टीवोच्या लहान यंत्रात चौदा तासांचे चित्र साठवता येत असे. भारतात त्यासाठी काही वर्षे थांबावे लागले. आपल्याकडे छपरावरच्या छोट्या छत्रीतून थेट उपग्रहाचे कार्यक्रम घेण्याची सोय या शतकाच्या सुरुवातीला आली. २००८ साली टाटा स्काय या कंपनीने मुद्रण करणारा सेट टॉप बॉक्स भारतात आणला. पुढे इतरांनीही तसे बॉक्स आणले. काही साध्या सेट टॉप बॉक्सला पेन ड्राइव्ह लावूनही मुद्रण करता येते.

आता ही पेटी काम कशी करते ते पाहू.

दूरदर्शनचे चित्र हलते असे आपल्याला वाटते. खरे तर आपल्याकडे एका सेकंदात पंचवीस स्थिर चित्रे एकामागून एक दाखवली जातात. प्रत्येक चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. साध्या डिजिटल चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात. यांचा गुणाकार करा. एका चित्रात ४,१४,७२० ठिपके होतात! प्रत्येक ठिपक्याचा रंग आणि उजेड आकड्यांत लिहून ठेवायचा. 'डिजिटल' या शब्दाचा अर्थच मुळी आकड्यांत लिहिलेले असा आहे.

हे सगळे आकडे जसेच्या तसे साठवले, तर एका तासाच्या चित्राला सुमारे ७५ जीबी जागा लागेल. एवढी जागा कोण देणार? म्हणून एक युक्ती केली जाते. ती समजण्यासाठी तुमच्या वर्गाचे उदाहरण घ्या. वर्गात साठ मुले आहेत. मुख्याध्यापकांनी विचारले, "आज कोण कोण आले आहे?" तर गुरुजी साठ नावे सांगत नाहीत. ते म्हणतात, "सलमा आणि युसुफ आले नाहीत. बाकी सगळे आहेत." दोन नावांत साठ मुलांची माहिती सांगून झाली.

चित्राचेही तसेच करतात. बातम्या सांगणारी बाई खुर्चीवर बसलेली असते. तिच्या मागची भिंत हलत नाही, टेबल हलत नाही. फक्त ओठ, पापण्या आणि हात हलतात. मग प्रत्येक वेळी भिंत पुन्हा कशाला लिहायची? एक चित्र पूर्ण लिहायचे आणि पुढच्या चित्रांत जेवढे बदलले तेवढेच लिहायचे. या युक्तीला चित्राचे संकोचन म्हणतात. शिवाय आपल्या डोळ्यांना न जाणवणारे बारीक तपशीलही गाळले जातात. अशा रीतीने ७५ जीबीचा तास सुमारे दोन जीबीत मावतो. ५०० जीबीच्या तबकडीत असे सुमारे अडीचशे तास साठवता येतात. अधिक स्पष्ट, म्हणजे एचडी चित्राला ठिपके जास्त लागतात. म्हणून ते कमी तास मावते.

आता या यंत्राची सगळ्यांत मजेदार गोष्ट. चालू सामना पाहताना तुम्ही रिमोटवरचे थांबण्याचे बटण दाबले, तर चित्र थांबते. गोलंदाज हात वर करून तसाच उभा राहतो! पण मैदानावरचा खेळ काही थांबलेला नसतो. मग हे कसे घडते? टाकीचे उदाहरण पुन्हा आठवा. वरून नळाचे पाणी टाकीत पडतच असते. तुम्ही फक्त खालची तोटी बंद केलेली असते. तबकडीवर नवे चित्र लिहिले जातच असते. तुम्ही दहा मिनिटांनी परत आलात की यंत्र जुने चित्र वाचू लागते. तबकडी सेकंदाला नव्वद किंवा अधिक वेळा फिरते. त्यामुळे एका क्षणी नवे लिहिणे आणि पुढच्या क्षणी जुने वाचणे तिला सहज जमते. तुम्ही मग दहा मिनिटे मागे राहून सामना पाहता. शेजारच्या घरातून "आउट!" अशी आरोळी आधी आली, तर मात्र रागवू नका!

या यंत्राचा उपयोग कोणाला होतो? केवळ हौशी लोकांना होतो असे समजू नका. भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजी येथे यंत्रमागाचे कारखाने आहेत. तेथे पुष्कळ कामगार रातपाळी करतात. संध्याकाळी सारे घर दूरदर्शनसमोर बसते, तेव्हा रातपाळीचा कामगार डबा घेऊन घराबाहेर पडतो. त्याच्या आवडीची मालिका, देशाच्या बातम्या, क्रिकेटचा सामना, सारे त्याच्यावाचून होऊन जाते. घरातल्या स्त्रीचेही तसेच. कार्यक्रमांची गर्दी रात्री आठ ते दहा या वेळात असते आणि तिची पोळ्या भाजण्याची वेळही तीच असते. ती स्वयंपाकघरातून फक्त आवाज ऐकते. अशा माणसांचा कार्यक्रम पेटीत जपून ठेवला, तर दुपारी काम संपल्यावर तीही चार घटका निवांत बसून तो पाहू शकतात. वेळ ठरवण्याचा अधिकार कष्ट करणाऱ्यालाही मिळतो, हा या यंत्राचा सर्वांत मोठा फायदा आहे.

घरातल्या वृद्धांचा विचार करा. दादाजींना कमी ऐकू येते. बातमी निसटली की ते विचारतात, "काय म्हणाला रे?" आपण चिडून म्हणतो, "सांगतो नंतर." आणि मग सांगायचे विसरून जातो. आता रिमोटचे बटण दाबून अर्धा मिनिट मागे जाता येते. दादाजींना कोणाला विचारावे लागत नाही. त्यांचा मान राहतो आणि आपला त्रागाही वाचतो.

विद्यार्थ्यांना तर याचा उपयोग फार आहे. परीक्षेच्या दिवसांत सामना असला की मन पुस्तकात लागत नाही. "आता नाही, अभ्यास झाल्यावर पाहू," असे म्हणण्याची सोय यामुळे होते. २०२० साली साथीमुळे शाळा बंद होत्या. तेव्हा पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका दाखवण्यात आली. प्रत्येक इयत्तेची वेळ ठरलेली होती. घरात एकच संच आणि मुले तीन असली, तर कोणाचा ना कोणाचा पाठ चुकण्याची भीती असे. वीज गेली की पाठ गेला. अशा वेळी साठवण्याच्या सोयीचे मोल कळते.

आणि एक उपयोग खास तुमच्यासाठी. तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेत मराठी शिकता. मराठी बातम्या भराभर सांगितल्या जातात, म्हणून तुम्हाला त्या अवघड वाटतात. पाच मिनिटांच्या बातम्या साठवून ठेवा. एक वाक्य ऐका आणि चित्र थांबवा. ते वाक्य मोठ्याने म्हणा. शब्द कळला नाही तर मागे जाऊन पुन्हा ऐका. नवा शब्द वहीत लिहा. 'ळ' आणि 'ण' यांचे उच्चार कसे होतात ते नीट ऐका. इतके धीराचे गुरुजी दुसरे कोण असतील? दहा वेळा विचारले तरी हे रागावत नाहीत!

साठवलेल्या कार्यक्रमात जाहिराती भराभर पुढे ढकलता येतात. आपल्या देशातील नियमानुसार एका तासात बारा मिनिटांपेक्षा अधिक जाहिराती दाखवता येत नाहीत. त्या सगळ्या वगळल्या, तर तासाचा कार्यक्रम अठ्ठेचाळीस मिनिटांत पाहून होतो. उरलेली बारा मिनिटे खेळायला मिळतात. मात्र जाहिरातींच्या पैशांवरच पुष्कळ वाहिन्या चालतात, हेही लक्षात असू द्या.

प्रत्येक यंत्राला मर्यादा असतात, तशा यालाही आहेत. वीज नसेल तर मुद्रण होत नाही. जोराचा पाऊस आला की छत्रीला उपग्रहाचा संदेश नीट मिळत नाही, मग पेटीतही काही येत नाही. सामना लांबला, तर ठरवलेल्या वेळी मुद्रण बंद पडते आणि शेवटचे षटक हुकते. म्हणून वेळ ठरवताना अर्धा तास जास्तीचा धरावा. टाकी भरली की नवे पाणी मावत नाही. म्हणून पाहिलेले कार्यक्रम पुसत जावे. पुष्कळ पेट्यांतील मुद्रण दुसऱ्या यंत्रावर चालत नाही. पेटी बिघडली किंवा कंपनीला परत दिली, तर साठवलेले सारे जाते.

कायदाही माहीत असावा. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. स्वतःच्या खाजगी वापरासाठी, किंवा केवळ अध्यापनासाठी आणि संशोधनासाठी, प्रक्षेपणाचे मुद्रण केले, तर वाहिनीचा हक्क मोडला असे हा कायदा मानत नाही. पण त्या मुद्रणाच्या प्रती काढून विकणे हा गुन्हा आहे. आपल्या टाकीतले पाणी प्यावे, त्याचे दुकान मांडू नये.

आता काळ आणखी बदलला आहे. पुष्कळ कार्यक्रम मोबाइलवर हवे तेव्हा पाहता येतात. त्यामुळे डीव्हीआरची गरज कमी झाली आहे. ज्या टीवोने ही पेटी घरोघरी नेली, त्या कंपनीनेही २०२५ साली आपल्या पेट्या विकणे बंद केले. तरीही मोबाइलवर पाहण्यासाठी इंटरनेट लागते आणि त्याचे पैसे पडतात. कंपनीने कार्यक्रम काढून टाकला, तर तो दिसत नाही. पेटीत साठवलेला कार्यक्रम पाहण्यासाठी इंटरनेट लागत नाही. शिवाय 'थांब', 'मागे जा', 'नंतर पाहू' ही मोबाइलवरची बटणे आपल्याला कोणी शिकवली? व्हीसीआर आणि डीव्हीआर यांनीच!

जाता जाता एका स्त्रीची हकिगत सांगतो. तिचे नाव मॅरियन स्टोक्स. ती अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात राहत होती. पूर्वी ती ग्रंथपाल होती. आज सांगितलेली बातमी उद्या बदलून सांगितली जाईल आणि खरे काय ते कोणालाच कळणार नाही, अशी तिला काळजी वाटे. म्हणून १९७९ पासून २०१२ साली मरण येईपर्यंत ती दूरदर्शनच्या बातम्या रात्रंदिवस मुद्रित करत राहिली. घरात एकाच वेळी अनेक यंत्रे चालत. कॅसेट संपली की दुसरी घालायला ती आणि घरची माणसे धावत. शेवटी तिच्याकडे सुमारे ७०,००० कॅसेट जमल्या. लोक तिला वेडी म्हणत. पण दूरदर्शन केंद्रांनी अनेकदा आपल्याच जुन्या फिती पुसून पुन्हा वापरल्या होत्या. तिच्या मृत्यूनंतर हा सारा संग्रह एका मोठ्या संग्रहालयाला देण्यात आला. अभ्यासकांसाठी तो आज मोलाचा ठेवा आहे.

आपण तिच्यासारखे रात्रंदिवस मुद्रण करावे असे नाही. पण तिच्यापासून एक गोष्ट शिकता येते. काय साठवायचे, हे आधी ठरवले पाहिजे. पेटीत अडीचशे तासांची जागा असते, पण आपल्या दिवसाला चोवीसच तास असतात. त्यांत शाळा, अभ्यास, खेळ, घरकाम आणि झोप असते. दिसेल ते साठवत गेलो, तर टाकी भरते आणि पाहायला वेळ उरत नाही. आठवड्याच्या सुरुवातीला घरातल्या सगळ्यांनी मिळून निवडावे. दादाजींचा एक कार्यक्रम, अम्मीचा एक, अब्बांचा एक आणि मुलांचे एक-दोन. मग ज्याला जेव्हा सवड मिळेल, तेव्हा त्याने पाहावे.

मुलांनो, पडद्यावरचे चित्र आता आपल्या सांगण्यावरून थांबते, मागे जाते आणि आपली वाट पाहते. घड्याळाचा काटा मात्र कोणत्याच बटणाने मागे जात नाही. म्हणून आज संध्याकाळी अम्मीचा आवडता कार्यक्रम लागेल तेव्हा एक बटण दाबा. तो तिच्यासाठी जपून ठेवा. आणि ती स्वयंपाकघरातून मोकळी झाली की तिच्या शेजारी बसून तो पाहा.

शब्दार्थ

सवड – मोकळा वेळ
मुद्रण – चित्र किंवा आवाज साठवून ठेवणे
प्रक्षेपण – कार्यक्रम दूरवर पाठवणे
रातपाळी – रात्रीच्या वेळेचे काम
संकोचन – लहान करणे, आकसणे
त्रागा – चिडचिड
ओस पडणे – रिकामे होणे, माणसे नसणे
ठेवा – जपून ठेवलेली मोलाची वस्तू

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुंबई दूरदर्शन केंद्र केव्हा सुरू झाले?
(आ) पहिल्या हार्ड डिस्कमध्ये किती तबकड्या होत्या?
(इ) साध्या डिजिटल चित्रात एकूण किती ठिपके असतात?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) फ्रेड रॉजर्स यांनी साक्षीत काय सांगितले?
(आ) रातपाळीच्या कामगाराला डीव्हीआरचा उपयोग कसा होतो?
(इ) चालू सामना थांबवला तरी पुढचा खेळ का चुकत नाही?

३. कारणे द्या.
(अ) लॉस एंजेलिसमध्ये न्यूयॉर्कच्या बातम्या साठवाव्या लागल्या.
(आ) मॅरियन स्टोक्स रात्रंदिवस बातम्या मुद्रित करत होती.

४. वाक्यात उपयोग करा.
ओस पडणे, वाट पाहणे, मान राहणे, जपून ठेवणे

५. उपक्रम
मराठी बातम्यांतील पाच वाक्ये लक्षपूर्वक ऐका. ती वहीत लिहा. त्यांतील नव्या शब्दांचे अर्थ तुमच्या शिक्षकांना विचारा.